ओढीचा सूर

१ मार्च

रुसाना,

'प्रिय' वगैरे लिहीत नाही. तीन वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेल्या बाईला प्रिय कशाला म्हणायचं? पण आज मार्चची पहिली तारीख, आणि तिकडे स्पेनमध्ये तुझ्या मनगटावर लाल-पांढरा दोरा कोण बांधणार? म्हणून पाकिटात घातलाय. मीच वळलाय. थोडा सैल झाला असेल, बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. पहिला करकोचा दिसेपर्यंत काढू नकोस. तुझी इव्हेलिना म्हणत होती की तिकडे करकोचे वर्षभर धुराड्यांवर मुक्काम ठोकून असतात. तरीपण लगेच काढू नकोस, चार दिवस राहू दे हातावर.

इव्हेलिनाचा फोन आला होता, स्तोइमेननं घेतला. माझा नवरा फोनवर 'हं' आणि 'बरं' याच्यापलीकडे जात नाही, पण भावाची लेक म्हटल्यावर चांगला अर्धा तास बोलला. तुझा नवरा गेला, आमचा आसेन, म्हणून तू परकी झालीस असं तुला वाटत असेल, आमच्या घरात तसं कुणाला वाटत नाही. आपण एका सासूच्या हाताखालच्या जावा. तिच्या चुलीपुढे दोघींचे हात भाजलेत.

इव्हेलिना म्हणाली, तू त्या स्पॅनिश म्हातारीला आंघोळ घालतेस, भरवतेस, बागेत फिरवतेस, सगळं करतेस, पण गुणगुणतसुद्धा नाहीस. म्हातारीनंच एकदा विचारलं म्हणे, तुमच्या देशात बायका गात नाहीत का. हे ऐकून मला रात्री जेवण गेलं नाही. रुसाना गात नाही, म्हणजे काय?

गाताना तुझ्या जागी सध्या लेंका उभी राहते, त्या गिरणीवाल्याची. मी गाण्याची हाक देते, ती खाली एकच सूर धरून ओढते, आणि घंटा काही वाजत नाहीत. सासूबाई काय सांगायच्या? हाक देणारीचा सूर आणि ओढणारीचा सूर इतके जवळ आले पाहिजेत की एकमेकांना घासले पाहिजेत, आणि घासले की मध्ये घंटा वाजायला लागतात. नाही वाजल्या तर ओढणारीकडे बघायचं. तर मी बघते लेंकाकडे. ती पण माझ्याकडे बघते, बटाट्याचं पोतं बघेल तसं. शिकवून शिकवून हात टेकले मी.

फोन का करत नाही म्हणशील. आपल्या डोंगरात लाइन कशी असते तुला माहीत आहे. शिवाय मला जरा सर्दी आहे, घसा बसलाय. हिवाळाभर बसलाय. मध आणि राकियाचे घोट चालू आहेत, राकिया जास्त.

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहिणारच आहे.

ग्युरा


६ मे, संत जॉर्जचा दिवस

रुसाना,

कोकरू चांगलं भाजलं गेलं. स्तोइमेननं पोटात भात आणि पुदिना भरला होता, तू भरायचीस तसा, पण मीठ विसरला. सकाळी कुरणावर सगळ्या जमलो. पोरींनी झोपाळा बांधला. पोरी म्हणजे पन्नाशीच्या, दुसऱ्या आहेत कुठं आता गावात. मग म्हणाल्या, ग्युरा, हाक दे.

मी नाही दिली. म्हटलं, गुडघे दुखतात. तर स्तोइमेन सगळ्यांसमोर म्हणतो, "गुडघ्यांचा आणि गाण्याचा काय संबंध?" असल्या माणसाबरोबर मी चाळीस वर्षं काढली आहेत, हे तू लक्षात ठेव.

मग लेंकानं हाक दिली. तिनं दिली! कुणी ओढलं विचारू नकोस. मी मेंढ्यांकडे बघायला म्हणून उठून गेले आणि आल्डरच्या झाडांमागे उभी राहिले. तिथून खालचं गाव दिसतं, तुझ्या छपरावरचं धुराडं दिसतं. त्यातून धूर येत नाही. तीन वर्षं झाली तरी सवय होत नाही.

बाकी बरं आहे. एप्रिलमध्ये सामोकोव्हला जाऊन आलो, स्तोइमेनच्या दातांसाठी. तिथल्या डॉक्टरनं सोफियाला पाठवलं. दातांसाठीच. सोफियाच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हात गार. त्यांनी नाकातून एक काळी नळी आत घातली आणि बराच वेळ पडद्यावर बघत राहिल्या. दातांसाठी नाकातून नळी कशाला, असं विचारू नकोस. हल्ली असंच करतात.

तू दोरा बांधलास का? एवढं तरी कळव.

ग्युरा


२९ मे, सोफिया

रुसाना,

स्तोइमेनचे दात उत्तम आहेत. अक्रोड फोडतो.

गाठ माझ्या घशात आहे. आवाजाच्या पेटीला लागून, डाव्या अंगाला, चेरीएवढी. मी पडद्यावर पाहिली, लालसर, गुळगुळीत, अगदी निवांत बसलेली. म्हणून फोन करत नव्हते. लाइन ठीक आहे. पण माझा 'हॅलो' ऐकला असतास तर तू तिथंच ओळखलं असतंस, आणि मला ते नको होतं. आता माझा आवाज म्हणजे भांडं घासल्यासारखा येतो. कधी तोही येत नाही.

सगळं नीट सांगते, नाहीतर तू इव्हेलिनाकडून उलटसुलट ऐकशील. डॉक्टरीणबाईंचं नाव पानायोतोव्हा. आधी त्यांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर आलं, घशाचा कॅन्सर, सिगारेट ओढणाऱ्यांना होतो तो. मी आयुष्यात एक सिगारेट ओढली, तीसुद्धा तुझ्याबरोबर, गोठ्यामागे. त्या म्हणाल्या, आवाजाची पेटी काढून टाकावी लागेल, मानेला भोक ठेवतील, त्यातून श्वास घ्यायचा.

मी विचारलं, मग गायचं कुठून? त्यांनी माझा हात धरला, म्हणाल्या, "मावशी, आधी जगायचं बघू." रुसाना, मी माहेरची माणसं पुरली तेव्हा रडले नव्हते एवढी त्या खोलीत रडले. स्तोइमेन बाहेर जाऊन उभा राहिला. बापडा येताना कँटीनमधून माझ्यासाठी तीन बनित्सा घेऊन आला. मी तिन्ही खाल्ल्या.

पण पोरीला, म्हणजे डॉक्टरीणबाईंना, ते उत्तर पटेना. त्यांनी तोच तुकडा दुसऱ्या माणसाकडे पाठवला, त्यानं वेगवेगळे रंग टाकून बघितला. दहा दिवस आमचा जीव टांगणीला. मग त्या जवळजवळ पळतच खोलीत आल्या. तो कॅन्सर नाही, म्हणजे तो नेहमीचा नाही. आपल्या हाडांच्या मज्जेत एका जातीच्या पेशी राहतात म्हणे, प्लाझ्मा पेशी, आजाराशी लढायचा दारूगोळा बनवणाऱ्या. माझ्या काही पेशींनी हाडात राहायचं सोडून घशात बिऱ्हाड केलं आणि तिथं प्रजा वाढवली. डोक्यात, नाकात, घशात अशी गाठ फार क्वचित कुणाला होते. पानायोतोव्हाबाईंनी स्वतः आजवर फक्त पुस्तकात पाहिली होती. शिकायला येणारी मुलं रांगेनं माझ्या घशात डोकावून गेली. आपलं गाणं ऐकायला कधी एवढी गर्दी झाली नव्हती.

चांगली गोष्ट ही की ही जात किरणांनी विरघळते. कापायचं नाही. पेटी राहणार.

पण आधी बघायचं होतं की हाडांत कुठं आणखी लपल्या आहेत का. तशा असतील तर मग किरणांनी भागत नाही, तो मोठा आजार. कमरेच्या हाडात सुई घातली, त्या दुखण्याबद्दल मी काही लिहीत नाही. सगळ्या अंगाचे फोटो काढले. काल उत्तर आलं. बाई म्हणाल्या, कुठेही दुसरी नाही, ही एकटीच आहे, एकटी असणं फार चांगलं. एकटं असणं चांगलं असं कुणी म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मी मान हलवली आणि स्तोइमेनला म्हटलं, चल, जेवून घेऊ.

आता तरी लिही.

ग्युरा


४ जून

रुसाना,

हे पत्र एकटीनं वाच. म्हातारीला झोपव आणि मग उघड.

काल बाईंनी किरणांचं सगळं समजावून सांगितलं. मी विचारलं, ही गाठ आली कधी? त्या म्हणाल्या, ही फार संथ वाढते, तुमच्या घशात दोन, तीन, कदाचित चार वर्षं असेल. आवाजात आधी थोडासा फरक पडला असेल, तुमच्या लक्षातही आला नसेल. एवढं बोलून त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. मी तिथंच बोटांवर वर्षं मोजली.

तीन वर्षांपूर्वी. संत पीटरचा दिवस, चर्चपुढचं गवत, सगळं गाव, वर सोफियाहून आलेली माणसं. तू माझ्या डाव्या कानाशी. मी हाक दिली, तू ओढलंस, घंटा वाजल्या नाहीत. परत दिली. नाही वाजल्या. तिसऱ्यांदा मी तुझ्याकडे पाहिलं, सासूबाई बघायच्या तशी, कारण तसंच बघायचं असतं. आणि तू डोक्यावरचा रुमाल नीट केलास, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "ग्युरा, माझा सूर गेला. दुसरी कुणी बघ." आणि गर्दीतून निघून गेलीस.

मी तुझ्यामागे आले होते. आठवतं? विहिरीपाशी गाठलं तुला. पाठीवर हात ठेवून म्हटलं, होतं असं वयानं, मनाला लावून घेऊ नकोस. तू एक शब्द बोलली नाहीस. शरद ऋतूत इव्हेलिनाकडे निघून गेलीस आणि मला वाटलं, शरमेनं गेली बिचारी. तीन वर्षं मी तुझी कीव करत होते.

अगं, तो तुझा सूर नव्हता. माझा घसा होता. चेरीएवढी गाठ मध्ये बसलेली असताना घंटा कशाच्या वाजतात? लेंकाचीही चूक नव्हती, पोत्याला मी उगीच नावं ठेवली. (तिला हे कळवणार नाही. ती डोक्यावर मिरे वाटेल.)

पण तुझ्यावर मला असा राग आलाय की काय सांगू. तुला कान आहेत ना? तीस वर्षं तुझं तोंड माझ्या कानाशी आणि माझं तुझ्या. मग तुला कळलं कसं नाही की बिघडलंय ते माझं? दोष अंगावर घेऊन मोकळी झालीस, आणि वर गाणंही टाकलंस. तुझा सूर जागेवर आहे, रुसाना. नेहमीच होता. कुणी तुझ्या गळ्याला नावं ठेवली तर त्याला माझ्याकडे पाठव.

आता ऐक. पंधरा तारखेला किरणं सुरू होतात. मी विचारलं, नंतर आवाज येईल का. बाई म्हणाल्या, आवाज येईल, कुठला येईल ते सांगता येत नाही. म्हणजे माझ्या जुन्या आवाजाचा जो काय फाटका तुकडा उरलाय तो पंधरा तारखेपर्यंत. मला तो तुझ्याशेजारी उभं राहून एकदा वापरायचाय. वाजू देत नाहीतर न वाजू देत. विमानानं ये. म्हातारीला चार दिवस इव्हेलिना सांभाळेल.

ये गं.

ग्युरा


२९ जून, संत पीटरचा दिवस

रुसाना,

तू आली नाहीस. बरं.

इथं सोफियात दवाखान्याच्या वसतिगृहात राहते. स्तोइमेन शनिवारी येतो, दही आणतो, कारण दुसरं काही गिळवत नाही. लाल मिरचीची चटणी जिभेवर ठेवली तर वाळूसारखी लागते. घसा आतून सोललाय, बाहेरून मान भाजल्यासारखी काळी पडलीये. थुंकी नाही, पाण्याची बाटली घेऊन फिरते. बाई म्हणतात, सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. त्यांना विचारायला हवं, ठरवलं कुणी.

तुला मुखवट्याचं सांगते. पहिल्या दिवशी गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी तोंडावर टाकली आणि खांद्यापर्यंत दाबून बसवली. गार झाली की ती आपल्या तोंडाच्या आकाराची होऊन बसते. मग रोज ती चढवून टेबलाला खिट्ट्यांनी अडकवतात, म्हणजे मान केसभर हलू नये. पहिल्या दिवशी मी घाबरून ओरडणार होते, पण आवाज कुठं होता ओरडायला.

मग सगळे बाहेर जातात, दार बंद होतं आणि यंत्र सुरू होतं. रुसाना, ते एकाच सुरात घुमतं. खालचा, जाड, न हलणारा सूर. दुसऱ्या दिवशी मला कळलं की ते ओढतंय. तेव्हापासून मी मनात हाक देते. कापणीची, लाझारच्या शनिवारची, नवरी न्यायला येतात तेव्हाची, सगळी गाणी. ते ओढत राहतं. लेंकापेक्षा बरं ओढतं, खरं सांगायचं तर. तुझी सर नाही. ते श्वास घेत नाही ना. तू कुठं श्वास घेणार ते मला तुझ्या खांद्यावरून कळायचं, मग मी शब्द थोडा लांबवायची, तू परत आलीस की सोडायची. यंत्राला लांबवून काय उपयोग.

आज गावात सगळे चर्चपुढे असतील. मी खिडकीत बसलेय. खाली ट्रामचा फाटा आहे, बायका पिशव्या घेऊन चालल्या आहेत. मला तुझी आठवण येते. लिहिलं एकदाचं. तीन वर्षं रागाच्या खाली दाबून ठेवलं होतं, आता राग करायला ताकद नाही तर ते वर आलं. सकाळी उठले की येते, दही खाताना येते, मुखवटा चढवताना तर फारच येते. तू रागावली असशील तर रागावून ये. शिव्या द्यायला ये. मला कुठं उलट बोलता येतंय सध्या.

ग्युरा


व्हायादोलिद, स्पेन, ९ ऑगस्ट

ग्युराताई,

तुझी सगळी पत्रं मिळाली. दोरा बांधला होता. अजून हातावर आहे.

मला लिहायला जमत नाही तुझ्यासारखं. एकच गोष्ट लिहायची आहे आणि ती लिहायला दोन महिने लागले.

मला माहीत होतं.

त्या दिवशी माझा सूर जागेवर होता, ताई. तुझा हलत होता. त्या दिवशीच नाही, आदल्या हिवाळ्यापासून ऐकत होते मी. तुझ्या आवाजाच्या तळाशी काहीतरी खरखर होती, ओलं लाकूड जळताना येते तशी. मला वाटलं, वय झालं. सासूबाईंचं आठवतं ना? कुणीतरी त्यांना जत्रेत सगळ्यांसमोर म्हणालं, आता तुमचा आवाज राहिला नाही. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. चर्चमध्येसुद्धा नाही. मला तुझं तसं व्हायला नको होतं. आणि घंटा वाजल्या नाहीत तर ओढणारीकडेच बघतात सगळे. तू पण बघितलंस. मग मी म्हटलं, असू दे, माझा सूर गेला म्हणते. मला काय, मी एक सूर धरणारी. तू गात राहिली पाहिजेस.

विहिरीपाशी तू पाठीवर हात ठेवलास तेव्हा बोलून टाकावंसं वाटलं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण तू इतक्या मायेनं बोलत होतीस.

मग गावात राहणं जमेना. तू म्हणशील, चल, पुन्हा प्रयत्न करू, आणि मला रोज तुझ्याशेजारी उभं राहून खोटं वागावं लागेल. म्हणून इकडे आले. पत्राचं उत्तर लिहायचं तरी खोटंच लिहावं लागलं असतं.

मे महिन्यातलं तुझं पत्र आलं, दातांसाठी नाकातून नळी घातल्याचं. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं. मला तेव्हाच कळलं की मी जे ऐकत होते ते वय नव्हतं. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले असते तर तू तीन वर्षं आधी डॉक्टरकडे गेली असतीस. माझ्या गप्प बसण्यात ती गाठ वाढली. तू मला माफ करत सुटली आहेस, माझा सूर जागेवर आहे म्हणून समजावते आहेस, आणि मला ते आधीच माहीत होतं. आता कुठल्या तोंडानं येऊ?

तुझी तब्येत इव्हेलिना स्तोइमेनदादांना विचारते. ते 'बरं' म्हणतात. त्यावरून मला काही कळत नाही.

रुसाना


२ सप्टेंबर

रुसाना,

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बशी फोडली. स्तोइमेननं तुकडे गोळा केले आणि विचारलं, "काय म्हणते?" मी त्याला तीन दिवस सांगितलं नाही. मग सांगितलं. तो म्हणाला, बिचारी. कोण बिचारी, ते बोलला नाही.

गेल्या आठवड्यात तपासणी झाली. नळी घातली, पडद्यावर मी पण बघितलं. जिथं चेरी होती तिथं काही नाही, नुसती पांढुरकी चामडी. पानायोतोव्हाबाई हसल्या, मला मिठी मारली. स्तोइमेननं त्यांना आमच्याकडचं चीज दिलं.

मग मी त्यांना तुझा प्रश्न विचारला. तुझं नाव घेतलं नाही. विचारलं, मी तीन वर्षं आधी आले असते तर काय झालं असतं? त्या म्हणाल्या, गाठ मसुराएवढी असती, किरणं तीच दिली असती, आवाज कदाचित जास्त वाचला असता. हे मी तुला जसंच्या तसं लिहितेय. तू वाचून रडशील ते मला माहीत आहे, तरी लिहितेय. आपल्यात खोट्याचं खूप झालं.

आता माझं ऐक. समज, तू त्या दिवशी गवतावर सगळ्यांसमोर म्हणाली असतीस, ग्युरा, माझा नाही, तुझा सूर गेला. मी डॉक्टरकडे गेले असते? मी? तुझ्या झिंज्या धरल्या असत्या गावासमोर. म्हटलं असतं, कालपर्यंत माझ्यामागे सूर धरणारी मला शिकवते. लेंकाला शेजारी उभी केली असती आणि तुझ्या नाकावर टिच्चून गात राहिले असते, घसा पूर्ण बंद होईपर्यंत. तुला मी माहीत नाही का? तू बोलली असतीस तरी गाठ वाढलीच असती, आणि वर आपलं बोलणं बंद झालं असतं. ते नाहीतरी झालंच, म्हणा.

तू माझ्यासाठी गाणं टाकलंस. मी इथं बसून तुझी कीव करत होते आणि तू तिथं बसून माझं गाणं सांभाळत होतीस. असं कुणी करतं का गं? पुन्हा केलंस तर जीव घेईन.

पुढचं सांगते. आवाज आलाय. बोलते तेव्हा लोक दचकतात, स्तोइमेन म्हणतो मला वाटलं माझा बाप आला. परवा कुणी नाही बघून वर कुरणावर गेले आणि हाक देऊन पाहिली. वरचा आवाज गेला, रुसाना. तिथं काही नाही. तोंड उघडते, हवा येते. मेंढ्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. मी दगडावर बसून रडले, मनसोक्त, मोठ्यानं, त्या बाप्यासारख्या आवाजात. चाळीस वर्षं माझी हाक खालच्या पुलापर्यंत जायची.

रडून झाल्यावर गप्प बसवेना, म्हणून आवाज खालच्या सुरात नेऊन पाहिला, जिथं मी आयुष्यात कधी गेले नाही. तिथं एक सूर आहे. एकच. पण हलत नाही. धरला की धरलेला राहतो. मी संध्याकाळपर्यंत तो धरून बसले होते, श्वास घ्यायचा, परत धरायचा. स्तोइमेन शोधत आला, लांबूनच थांबला आणि टोपी काढली. मग म्हणाला, चल, सूप गार होतंय.

लेंकाला बोलावून पाहिलं. म्हटलं, तू हाक दे, मी ओढते. तिनं दिली. तिची हाक म्हणजे बाजारात बटाटे विकतात तशी, मी ओढून ओढून थकले. मला ओढायला हाक तुझी हवी. कधी दिली नाहीस म्हणून येत नाही असं सांगू नकोस. तीस वर्षं प्रत्येक गाणं माझ्या तोंडून तुझ्या कानात गेलंय, सुरुवातीसकट. ते कुठं जाणार?

२६ ऑक्टोबरला संत दिमित्रचा दिवस. सगळे चर्चपुढे जमतील. तुझ्या घराचं धुराडं स्तोइमेननं साफ केलंय, लाकडं रचून ठेवलीत. ये, आणि सगळ्यांसमोर हाक दे. कुठल्या तोंडानं येऊ म्हणतेस, ज्या तोंडानं गायचंय त्याच तोंडानं ये.

बाईंनी सांगितलंय, आता आयुष्यभर तपासत राहायचं. या पेशी कधीकधी वर्षांनी हाडांत निघतात, कधी घशात परत येतात, कधी कधीच येत नाहीत. त्या मला तीन महिन्यांतून एकदा बघणार. मधले सगळे दिवस मी काय स्तोइमेनच्या कानांच्या भरवशावर काढू? तो 'बरं' म्हणेल. मला माझ्या डाव्या कानाशी तू हवी आहेस. मी ओढेन, आणि माझा सूर केसभर जरी हलला तरी तू गाणं तिथंच थांबव, गाव ऐकत असो नाहीतर पाद्री ऐकत असो, आणि मोठ्यानं सांग, ग्युरा, तुझा हलतोय, उठ, डॉक्टरकडे चल.

मी झिंज्या धरेन. तू तरीही सांग.

ग्युरा